अपुऱ्या दिवसांचे बालक आणि गीतेतील पाच कारणे
(श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६ यांचे गृहस्थाश्रमी वाचकांसाठी विवेचन)

गीतेच्या अठराव्या अध्यायातील तेरा ते सोळा हे चार श्लोक सामान्यतः वेदान्ताच्या अभ्यासकांकडेच सोपविले जातात. नित्य पारायण करणारा भाविक ते म्हणतो आणि पुढे जातो. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास किती कारणे लागतात, ही चर्चा त्याला रूक्ष वाटते. परंतु गृहस्थाश्रमात असे एक संकट आहे की, त्यात सापडलेल्या मातापित्यांना या चार श्लोकांइतका प्रत्यक्ष आधार अन्य उपदेशात क्वचितच मिळेल. ते संकट म्हणजे दिवस भरण्यापूर्वीच जन्मलेले आणि जन्मताच रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागलेले अपत्य. या संकटात गीता काय सांगते, आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे काय सांगत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. संकटाचे स्वरूप

गर्भाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बालकास वैद्यकशास्त्र अकालप्रसूत मानते. हे संकट विरळा नाही. सन २०२० मध्ये साऱ्या जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके अशी जन्मली, आणि त्यांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतात जन्मली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे हे वाचणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या आप्तपरिवारात, आज ना उद्या, असे एखादे बालक येणारच.

या बालकाची अडचण काय असते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. कारण अज्ञानातून उपजणारे भय खऱ्या भयापेक्षाही मोठे असते. त्याची फुप्फुसे कोवळी असतात. श्वासागणिक ती मिटून चिकटू नयेत म्हणून निसर्ग त्यांच्या आत एका स्निग्ध द्रव्याचा लेप देतो. हा लेप पुरेसा तयार होण्यास बहुधा चौतिसावा-पस्तिसावा आठवडा उजाडावा लागतो. त्याच्या त्वचेखाली चरबी नसते, म्हणून अंगाची ऊब टिकत नाही. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही क्रियांचा मेळ त्याला अजून साधलेला नसतो, म्हणून दूध नळीने द्यावे लागते. कधी कधी तर ते श्वास घ्यावयाचाच विसरते. म्हणून ती काचेची पेटी, त्या नळ्या, ते यंत्रावर लुकलुकणारे आकडे. आईच्या उदराने ज्या गोष्टी मुक्याने केल्या असत्या, त्याच गोष्टी तेथे माणसे आणि यंत्रे मिळून करीत असतात.

२. विषादाची दोन मुळे

पेटीपाशी उभ्या असलेल्या आईबापांच्या अंतःकरणात डोकावले तर दुःखाची दोन मुळे आढळतात. पहिले मूळ भूतकाळात असते: 'माझे काय चुकले?' आई आठवू लागते की, आपण त्या दिवशी जिना चढलो, प्रवास केला, डोहाळ्यांत नको ते खाल्ले, सासूशी शब्दाला शब्द झाला. बाप म्हणतो, मी वेळीच मोठ्या रुग्णालयात का नेले नाही? दुसरे मूळ भविष्यकाळात असते: 'आता पुढे काय होणार?' या दोन प्रश्नांच्या जात्यात वर्तमानकाळ भरडून निघतो. आणि बालकाला मातापित्यांची गरज असते ती नेमकी वर्तमानातच.

अर्जुनाचीही स्थिती अशीच होती. त्याचे गात्र शिथिल झाले, तोंडाला कोरड पडली, मन भ्रमू लागले. हे सारे पहिल्या अध्यायात त्याने स्वमुखाने सांगितले आहे. आणि ग्रंथकारांनी या अध्यायाला 'योग' हीच संज्ञा दिली आहे. जो विषाद भगवंतासमोर मोकळा होतो, तोही योगाची पहिली पायरी ठरतो, हे येथे ध्यानात घ्यावे. पेटीपाशी उभे राहून रडणे ही श्रद्धेची उणीव नव्हे.

३. पाच कारणांचा सिद्धान्त

आता मुख्य विषयाकडे वळू. भगवंत सांगतात की, शरीराने, वाणीने वा मनाने मनुष्य जे जे कर्म आरंभितो, मग ते योग्य असो वा विपरीत, त्याच्या घडण्यास पाच कारणे असतात. ती अशी: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. असे असताना जो आत्म्यालाच केवळ कर्ता समजतो, त्याच्या बुद्धीला संस्कार झालेला नाही आणि त्याला खरे दिसत नाही, असा चार श्लोकांचा निष्कर्ष आहे.

आचार्यांनी या शब्दांचे अर्थ सूक्ष्मपणे केले आहेत. श्रीशंकराचार्यांच्या मते अधिष्ठान म्हणजे शरीर, आणि दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता. श्रीरामानुजाचार्य दैव या शब्दाने अंतर्यामी परमात्म्याचेच ग्रहण करतात. तात्त्विक दृष्टीने या श्लोकांचे प्रयोजन आत्म्याचे अकर्तृत्व सिद्ध करणे हे आहे, यात शंका नाही. परंतु भगवंतांनी हा उपदेश अरण्यातल्या विरक्ताला केला नसून कर्तव्याच्या ऐन तोंडावर कोलमडलेल्या एका गृहस्थाला केला आहे. तेव्हा व्यवहारात त्याचा उपयोग करून घेणे सर्वथा उचित आहे.

हा सिद्धान्त आईच्या पहिल्या प्रश्नाला लावून पाहू. प्रसूती अकाली का झाली? वैद्यक सांगते की, जुळी वा तिळी बालके, मातेचा वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, गर्भाशयाच्या मुखाची दुर्बलता, वारेचे दोष अशी अनेक कारणे असू शकतात. आणि कित्येकदा तर निश्चित असे कोणतेच कारण सापडत नाही. म्हणजे येथे शरीररूपी अधिष्ठान आहे, देहातील अगणित व्यापारांच्या चेष्टा आहेत आणि आपल्या हिशेबात न येणारे पाचवे कारणही आहे. या पाचांतून आईची इच्छा तेवढी वेगळी काढून तिच्या माथी सारे खापर फोडणे, हे गीतेच्या दृष्टीने अदर्शन आहे. 'माझ्यामुळेच झाले' या वाक्यात विनय दिसतो खरा. परंतु त्याच्या पोटात कर्तेपणाचा तोच अहंकार लपलेला असतो, जो 'माझ्यामुळेच यश आले' या वाक्यात असतो. भगवंत तो अहंकार काढून घेतात, तेव्हा ते आईला दटावीत नसतात. तिच्या खांद्यावरचे न पेलणारे ओझे उतरवून ठेवीत असतात.

याचा अर्थ मनुष्याने काहीच करू नये असा मात्र नव्हे. पाचांपैकी चेष्टा आपल्या हाती आहे. गरोदरपणात नियमाने तपासणी, रक्तक्षयावर उपाय, तंबाखू-मिश्रीचा त्याग, आणि एकदा अकाली प्रसूती झाली असेल तर पुढील खेपेस आरंभीच डॉक्टरांना त्याची कल्पना देणे, ही सारी कर्तव्येच होत. कर्तव्य पुढच्या पावलासाठी असते. मागे वळून स्वतःला फटके मारण्यासाठी नसते.

४. 'हे कोणत्या जन्मीचे पाप?'

येथे एक शंका उपस्थित होते. कर्मसिद्धान्त मानणाऱ्या आपल्या समाजात अशा वेळी कोणी ना कोणी हलक्या आवाजात म्हणतेच की, हे पूर्वजन्मीचे फळ आहे. हे गीतेला धरून आहे काय?

चौथ्या अध्यायाच्या सतराव्या श्लोकात भगवंतांनी कर्माची गती गहन असल्याचे सांगितले आहे. जी गती गहन आहे, तिचा निवाडा शेजारघरच्या ओटीवर बसून करण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही. कर्मसिद्धान्त हा आपली पुढची कृती शुद्ध करण्यासाठी हाती घ्यावयाचा दिवा आहे. तो दुसऱ्याच्या जखमेवर धरण्यासाठी नाही. साऱ्या गीतेत भगवंतांनी अर्जुनाला एकदाही असे म्हटलेले नाही की, तुझ्या पूर्वपापामुळे तुझ्यावर हा प्रसंग आला. त्यांनी विचार केला तो एकाच गोष्टीचा: आता या क्षणी तुझे कर्तव्य काय? आप्तेष्टांनीही तेवढाच विचार करावा.

५. करणे आणि चेष्टा यांचा महिमा

पाच कारणांत 'करण' आणि 'चेष्टा' या दोहोंना स्वतंत्र स्थान आहे. दैव पाचवे आहे, एकमेव नव्हे. म्हणून 'देवाच्या मनात असेल ते होईल' असे म्हणून उपचाराकडे पाठ फिरविणे हेही पाच कारणांचा सिद्धान्त न मानण्यासारखेच आहे. यासंबंधी दोन उदाहरणे मननीय आहेत.

सन १९६३ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना पुत्र झाला. तो सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोच्या थोडे वर होते. पृथ्वीवरील सर्वांत समर्थ राष्ट्राचे सारे साहाय्य हाताशी असूनही ते बालक ३९ तासांनी फुप्फुसांच्या विकाराने गेले. फुप्फुसातील स्निग्ध द्रव्याची उणीव हे या विकाराचे मूळ आहे, हे डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्येच दाखवून दिले होते. परंतु ते द्रव्य बाहेरून देण्याची रीत त्या वेळी कोणाला साधली नव्हती. पुढे जपानमधील डॉ. फुजिवारा यांनी तसे औषध फुप्फुसांत सोडून यश मिळाल्याचे १९८० मध्ये प्रसिद्ध केले, आणि आज त्या वजनाची बहुसंख्य बालके चांगल्या रुग्णालयात वाचतात. तेव्हा जे 'करण' राजवाड्यातही नव्हते, ते आज आपल्या देशातील अनेक शहरांत आहे. शोध लावणाऱ्यांची ती चेष्टा म्हणजे लोकसंग्रहार्थ झालेला यज्ञच होय.

दुसरे उदाहरण याहून जिव्हाळ्याचे आहे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या बोगोटा या राजधानीत सन १९७८ मध्ये एका प्रसूतिरुग्णालयात पेट्या अपुऱ्या होत्या. एकेका पेटीत एकाहून अधिक बालके ठेवावी लागत आणि रोग एकाचा दुसऱ्याला लागे. तेथील डॉ. एडगर रे यांनी आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे, बालकाला उभे बांधून ठेवण्याची रीत सुरू केली. कांगारू नावाचा प्राणी आपले अपुरे पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवितो, त्यावरून हिला 'कांगारू मदर केअर' हे नाव पडले. जे गरजेपोटी सुरू झाले, ते पुढे शास्त्र ठरले. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत तीन हजारांहून अधिक बालकांवर एक पाहणी करण्यात आली. तिच्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. १ किलो ते १.८ किलोपर्यंत वजनाच्या या बालकांपैकी ज्यांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवले, त्यांतील शंभरामागे १२ दगावली. आणि ज्यांना आधी प्रकृती स्थिरावेपर्यंत पेटीत ठेवून मग ही सेवा दिली, त्यांतील शंभरामागे सुमारे १६. सन २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जन्मानंतर शक्य तितक्या लवकर ही सेवा सुरू करण्याची शिफारस केली. आईला जमत नसेल तेव्हा वडील, आजी वा मावशी यांनीही छातीशी धरले तरी चालते.

तेव्हा पाचांपैकी 'कर्ता' म्हणून मातापित्यांचे स्थान काय, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. ते पेटीबाहेर ताटकळणारे प्रेक्षक नव्हेत; ते स्वतः उपचाराचे अंग आहेत. भारत सरकारनेही २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून आजारी नवजात बालकांच्या शुश्रूषेत कुटुंबाला सामावून घेण्याचे धोरण स्वीकारले आहे. रुग्णालयात याविषयी अवश्य विचारावे. बालकाची प्रकृती कधी आणि किती वेळ छातीशी घेण्याजोगी आहे, हे मात्र तेथील डॉक्टरांनीच ठरवावयाचे.

६. पान, फूल आणि दुधाचा थेंब

नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्तीने वाहिलेले पान, फूल, फळ वा पाणीही आपण स्वीकारतो असे आश्वासन दिले आहे. ज्या आईचे बाळ पेटीत आहे, तिच्याजवळ वाहण्यासारखे काय असते? पहिल्या दिवसांत मोठ्या कष्टाने पिळून काढलेले चिकाचे चार थेंब. अनेक माता ते वाटीच्या तळाशी पाहून लाजतात. त्यांनी लाजू नये. अपुऱ्या दिवसांच्या बालकाला आतड्यांचा एक घातक दाह होण्याचा धोका असतो, आणि मातेचे दूध त्यापासून त्याचे मोठे संरक्षण करते. ते थेंब मोजमापाने थोडे असतील, गुणाने थोडे नाहीत. दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, दूध काढीत राहिल्याने पान्हा टिकतो. स्वतःला दूध येत नसेल त्या मातेनेही दुःख करू नये. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशिया खंडातील पहिली मातृदुग्धपेढी स्थापन केली. आज देशात अनेक ठिकाणी अशा पेढ्या आहेत. एका अनोळखी आईने दुसऱ्या अनोळखी बाळासाठी दिलेले दूध म्हणजे सतराव्या अध्यायात वर्णिलेल्या, प्रत्युपकाराची अपेक्षा नसलेल्या सात्त्विक दानाचे निर्मळ उदाहरण आहे.

याच ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. घरच्या वडीलधाऱ्यांचे प्रेम कधी कधी अंगारा, गंडा, तीर्थ, मध, घुटी या रूपाने पेटीपर्यंत पोहोचू पाहते. अशा बालकाची त्वचा आणि आतडी इतकी कोवळी असतात की, या वस्तू त्याला अपायकारक ठरतात. जातकर्मातील मधही त्याला चाटवू नये. तीर्थ आपण घ्यावे, अंगारा आपल्या कपाळी लावावा आणि पेटीपाशी स्वच्छ धुतलेल्या हातांनी जावे. संध्येपूर्वी हातपाय धुऊन आचमन करणाऱ्याला शुचितेचे महत्त्व निराळे सांगावयास नको; अतिदक्षता विभागाच्या दारातील हात धुणे हे त्या स्थानाचे आचमनच आहे.

७. उत्तरेच्या सूतिकागृहातील भगवंत

गीता सांगणारे भगवंत स्वतः अशा प्रसंगी कसे वागले, याचे दर्शन महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात घडते. अश्वत्थाम्याच्या अस्त्राने उत्तरेच्या गर्भावर आघात झाला आणि बालक निश्चेष्ट जन्मले. पांडव त्या वेळी हस्तिनापुरात नव्हते. कुंती, द्रौपदी, सुभद्रा आणि स्वतः उत्तरा यांनी श्रीकृष्णापुढे आकांत केला. भगवंत सूतिकागृहात आले, तेव्हा त्यांनी काय पाहिले, हे व्यासांनी आवर्जून नोंदविले आहे. तेथे शुभ्र माला होत्या, जलपूर्ण कलश होते, अग्नी पेटविलेले होते, अनुभवी वृद्ध स्त्रिया होत्या, आणि सभोवती कुशल वैद्य होते. ती सिद्धता पाहून भगवंत संतोषले आणि त्यांनी 'साधु, साधु' म्हटले. मगच त्यांनी आपल्या सत्याची आणि धर्माची पुण्याई पणाला लावून त्या बालकाला सचेतन केले. कुल क्षीण झाले असता जन्मला म्हणून त्याचे नाव परीक्षित ठेवले गेले.

या कथेतून दोन बोध होतात. एक असा की, जेथे वैद्य आपले काम करीत आहेत, तेथे भगवंत परके नाहीत. त्यांनी वैद्यांना बाहेर काढले नाही, त्यांच्या सिद्धतेची प्रशंसा केली. दुसरा बोध अधिक कठीण आहे. परीक्षिताला उठविणाऱ्या याच भगवंतांनी त्याच्या पित्याला, म्हणजे आपल्या लाडक्या भाच्याला, अभिमन्यूला रणांगणावरून परत आणलेले नाही. सुभद्रेच्या एका मांडीवर उत्तर आले आणि दुसरी मांडी रिकामी राहिली. तिची भक्ती दोन्ही वेळी तीच होती. तेव्हा आपल्या श्रद्धेचे माप बालकाच्या वजनाच्या आकड्याने करू नये. बाळ सुधारले म्हणजे प्रार्थना खरी आणि खालावले म्हणजे खोटी, असा सौदा गीतेत नाही.

८. शंका-समाधान

शंका: फलाची आशा धरू नये असे गीता सांगते. मग 'माझे बाळ जगू दे' ही प्रार्थना सकाम म्हणून त्याज्य आहे काय?

समाधान: मुळीच नाही. सातव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या भक्तांचे चार प्रकार सांगितले, त्यांत आर्त, म्हणजे दुःखाने व्याकूळ झालेला, याचा उल्लेख प्रथम केला आहे. आणि हे सर्वच उदार आहेत असे लगेच म्हटले आहे. आईने देवाजवळ बाळाचे प्राण मागावेत. ती त्याच्याजवळ नाही मागणार तर कोणाजवळ? मागून झाल्यावर मात्र फळ त्याच्या हाती सोपवून तिने आपल्या पुढच्या कामास लागावे.

शंका: तेराव्या अध्यायात पुत्रादिकांच्या ठिकाणी आसक्ती नसावी, असे ज्ञानाचे लक्षण सांगितले आहे. मग हे प्रेम मोह नव्हे काय?

समाधान: तेथे निषेध आहे तो 'हे मी आहे, हे माझ्या मालकीचे आहे' अशा गुंतण्याचा, वात्सल्याचा नाही. बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना मैत्री आणि करुणा यांना आरंभीच स्थान दिले आहे. अठराव्या अध्यायातील सात्त्विक कर्ता धैर्य आणि उत्साह यांनी युक्त असतो, आणि सिद्धी वा असिद्धी यांनी डळमळत नाही. रात्री तीन वाजता दूध काढावयास उठणारी आई त्याचीच मूर्ती आहे.

शंका: जननाशौच असल्याने देवपूजा करता येत नाही, मग साधना कशी करावी?

समाधान: आपापल्या कुलाचार पाळावा, परंतु मानसजप आणि नामस्मरण यांना अशौचाचा बाध नाही, असेच संतांची परंपरा मानत आली आहे. पाचवी-सहावी, बारावे हे संस्कार राहून गेले तर मनाला लावून घेऊ नये. बाळ घरी आल्यावर शुभदिवशी नामकरण करता येते.

९. रुग्णालयातील दिवसांची साधना

अशा मातापित्यांसाठी पुढील साधी दिनचर्या सुचवावीशी वाटते.

(अ) प्रातःकाळी गीतेचा एकच श्लोक वाचावा. अधिक वाचण्याचा आग्रह धरू नये.

(आ) दिवसातून एकदा डॉक्टरांना तीन प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहून ठेवावीत: आज बाळ कसे आहे? आज कशावर लक्ष ठेवावयाचे? आज आम्ही काय करू शकतो? यंत्रावरील प्रत्येक आकड्याच्या चढउताराबरोबर आपला प्राण वरखाली होऊ देऊ नये. सुखदुःखे येतात आणि जातात, ती धैर्याने सोसावीत, हा दुसऱ्या अध्यायातील तितिक्षेचा उपदेश येथे प्रत्यक्ष कामाचा आहे.

(इ) बाळाशी हळू आवाजात बोलावे. आईचा आवाज त्याने उदरात ऐकलेला असतो. मंद स्वरात देवाचे नाव घेतले तरी पुरे. मोठ्याने भजन वा भ्रमणध्वनीवर स्तोत्रे लावू नयेत, कारण गोंगाटाने ते थकते.

(ई) आईने वेळेवर जेवावे आणि झोपावे. ज्याचा आहार, विहार आणि निद्रा युक्त आहेत, त्याचाच योग दुःखहर्ता होतो, असे सहावा अध्याय सांगतो. नवसाचे कडक उपवास या दिवसांत आईने करू नयेत. इच्छा असल्यास घरातील निरोगी माणसाने तिच्या वतीने करावेत.

(उ) बापाने आपले अश्रू लपविण्यातच पुरुषार्थ मानू नये. अर्जुनाएवढा वीर कोणी नव्हता, आणि त्याने आपल्या मित्रापुढे धनुष्य खाली ठेवले. आईचे वा बापाचे मन दिवसेंदिवस खचतच गेले, झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर तेही डॉक्टरांना सांगावे. मनाचाही उपचार असतो.

(ऊ) खर्चाची चिंता असल्यास चौकशी करावी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयांत आजारी नवजात बालकावर विनामूल्य उपचार करण्याची योजना २०११ पासून आहे.

१०. आप्तेष्टांचे कर्तव्य

भगवंतांनी अर्जुनाचा सारा विलाप आधी ऐकून घेतला, आणि 'मी तुझा शिष्य आहे, मला सांग' असे त्याने म्हटल्यावरच तत्त्वोपदेशास आरंभ केला. भेटीला येणाऱ्यांनी हा क्रम उलटू नये. विचारल्याशिवाय वेदान्त सांगू नये. डबा आणावा, मोठ्या मुलाला सांभाळावे, रुग्णालयाबाहेर रात्र काढणाऱ्या बापाजवळ मुकाट्याने बसावे. 'बाळ किती लहान आहे!' असे म्हणण्याऐवजी त्याचे नाव काय ठेवायचे ठरविले आहे, ते विचारावे.

११. घरी आल्यानंतर

बालक घरी आले म्हणजे सेवा संपली असे नाही. अशा बालकांच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर महिन्याच्या आत व्हावी लागते. ती टळल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो, आणि वेळीच उपचार झाल्यास बहुधा वाचते. कानांचीही तपासणी करून घ्यावी. त्याची वाढ मोजताना वय जन्मतारखेपासून न धरता, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरावे. म्हणजे शेजारच्या बाळाशी होणारी अकारण तुलना टळते.

१२. आणि फळ हाती न आले तर

सर्व चेष्टा, सर्व करणे आणि सर्व प्रार्थना होऊनही काही बालके राहत नाहीत. येथे लेखणी जपून चालवावयास हवी. आत्मा अमर आहे, हे गीतेचे वचन सत्य आहे. परंतु ते रिकाम्या झोळीकडे पाहणाऱ्या आईच्या तोंडावर फेकावयाचे नसते. ते तिला स्वतःला, तिच्या वेळी, उमगावे लागते. तिला एवढेच सांगावे की, या मार्गावर आरंभिलेले काहीही वाया जात नाही, असे भगवंतांचे अभिवचन आहे. चार दिवसच असेना, त्या जीवाला या जगात ऊब मिळाली, नाव मिळाले, कोणीतरी त्याच्यासाठी रात्री जागले. एखाद्या जीवाचे सारे आयुष्य कोणाच्या तरी प्रेमात गेले, असे शंभर वर्षे जगलेल्यांपैकीही थोड्यांविषयीच म्हणता येते. आणि पाच कारणांचा सिद्धान्त तिला पुन्हा आठवून द्यावा: बाई, तू एकटी कर्ती नव्हतीस. तुझा वाटा तू पुरा दिलास.

सारांश असा की, गीता अशा मातापित्यांना बालक वाचेलच असे वचन देत नाही. ती त्यांच्याकडून दोन ओझी मागून घेते, मागच्या दोषाचे आणि पुढच्या फळाचे. आणि त्यांच्या मोकळ्या झालेल्या हातांत एकच गोष्ट ठेवते, ती म्हणजे आजची सेवा. ते मोकळे हात बाळाला छातीशी धरावयास लागतात.

मननासाठी प्रश्न

१. अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव ही पाच कारणे आपल्या घरातील एखाद्या प्रसंगास लावून पाहा.
२. 'माझ्यामुळेच झाले' या विचारात अहंकार कसा दडलेला असतो?
३. आर्त भक्ताची प्रार्थना आणि फलत्याग यांत विरोध का नाही?
४. आपल्या परिचयात असे बालक असल्यास, या आठवड्यात त्या घरी आपण कोणती एक सेवा करू शकाल?

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥